पलीकडच्या खुर्चीतली टकटक

सांगलीच्या विश्रामबागेत आमचा दवाखाना आहे. एकच गाळा, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, अलीकडे माझी खुर्ची आणि पलीकडे बायकोची. दोघंही दातांचे डॉक्टर, एकाच कॉलेजातून शिकलेले. हात माझा जास्त सफाईचा, हे तीही कबूल करते. तरी माणसं बाहेरच्या बाकावर ताटकळत बसतात आणि विचारतात, "मॅडमच बघणार न्हवं?" माझी खुर्ची रिकामी. मी मोबाइल चाळत बसतो आणि आतल्या आत जळतो.

बरं, ती करते तरी काय? काम सुरू करण्याआधी सांगते, "दुखलं, भीती वाटली, नुसतं थुंकावंसं वाटलं, तरी हात वर करा. मी थांबेन." आणि खरंच थांबते. हात वर करा असं मीही सांगतो. पण कुणी केलाच, तर "झालं, झालं, एवढंच" म्हणतो आणि ते एवढंच उरकूनच थांबतो. काम अर्धवट सोडायचं माझ्या जिवावर येतं. कुपवाडहून स्कूटीवर येणारी आमची मदतनीस मुलगी दोन्हीकडे काम करते. पेशंट अवघडलेला दिसला तर तूही मला थांबव, असं बायकोनं तिला सांगून ठेवलंय. ती पलीकडे असली की गुणगुणत असते. माझ्याकडे आली की तिच्या हातून चिमटा पडतो. मी ओरडतही नाही, नुसता बघतो. तरी पडतो.

एवढं मी सहन केलं असतं. पण मग आबा आले.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता खंडाळा तालुक्यात गावी शेती बघतात. दाढ ठणकायला लागली तरी लवंग धरून बरेच दिवस काढले, आणि गाल सुजल्यावर एसटी धरून सांगलीला आले. मी आदल्या दिवसापासून तयारीत होतो. डॉक्टर पोरानं बापाची दाढ बघायची, यात वेगळं काय सांगायचं? मी खुर्ची पुसून घेतली, दिवा सारखा केला. आबा आत आले, माझ्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई कुठं हाय?"

हा माणूस घरात सून असेल तर खाकरल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. तिच्यासमोर कधी तंबाखूची पुडीसुद्धा काढली नाही. तोच तिच्यापुढे तोंड उघडून बसायला निघाला! मी सरळ चहाला निघून गेलो. पण राहवलं नाही. अर्धा कप टाकून परत आलो आणि पार्टिशनला कान लावून बसलो.

तिनं नेहमीचं सांगितलं, हात वर करा. आबा बिथरले. "हात वर? न्हाई जमायचं. हात वर कोन करतं, ठावं हाय न्हवं?"

दुसरा कुणी असता तर हसला असता. मी तर नक्कीच हसलो असतो. ती म्हणाली, "मग आबा, खुर्चीच्या दांडीवर टकटक करा. हुकूम तुमचा. तुम्ही थम म्हटलं की मी थम."

मशीन सुरू झालं. लगेच टकटक. मशीन बंद. "दुखलं का आबा?" "न्हाई. बगत हुतो, थांबतीस का." ती हसली, तेही हसले. पुन्हा मशीन, पुन्हा टकटक, पुन्हा शांतता. मी अलीकडे दात खात बसलो होतो. याच माणसानं मला पोहायला शिकवताना विहिरीत ढकललं होतं. मी बोंबललो तेव्हा थांबला होता का? आणि आता स्वतः बोटानं वाजवतोय आणि माझी बायको थांबतेय. मला तिचा हेवा वाटत होता, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही.

बाहेर येऊन म्हणाले, "लय ब्येस पोरगी. कळलंबी न्हाई." रात्री जेवताना मी नुसता भात चिवडत बसलो. आबांनी दोनदा माझ्याकडे बघितलं आणि भाकरी मोडत राहिले.

दुसऱ्या बाजूचीही एक दाढ किडली होती. सकाळी ती करायची होती. आबा दवाखान्यात आले आणि न विचारता माझ्या खुर्चीत बसले. मला इतका आनंद झाला की लपवता येईना. पार्टिशनपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आबा, टकटक करा हं, काही वाटलं तर."

भुलीचं इंजेक्शन दिल्यावर ते मुरू द्यावं लागतं. पण पलीकडे तिचं मशीन सुरू झालं होतं, आणि मला तिच्याआधी संपवायचं होतं. मी सुरू केलं. टकटक आली नाही. मी मनात म्हणालो, बघ, माझ्याकडे गरजच पडत नाही. कीड खोल होती, मी आणखी आत गेलो. तरी टकटक नाही. मदतनीस मुलीनं माझ्या कोपराला हळूच हात लावला. असं ती माझ्याकडे कधीच करत नाही. मी खाली बघितलं. आबांनी खुर्चीची दांडी मुठीत आवळली होती, बोटं पांढरी पडली होती. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानामागे उतरत होतं.

मी मशीन बंद केलं.

"का थांबलास? मी कुठं वाजवलं?"

"आबा, दुखलं का?"

 ते तोंडातला कापूस सावरत अगदी हळू म्हणाले, "दुखलं." हा शब्द मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता. लगेच पार्टिशनकडे नजर टाकून त्यांनी माझं मनगट धरलं. "पर सूनबाईला सांगू नगंस. तिला वाटंल, तुला जमत न्हाई."

मी मान हलवली. प्लायवूडमधून सगळं ऐकू जातं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पलीकडचं मशीन केव्हाच बंद झालं होतं.