गाडीतलं चौथं नाव

रत्नागिरीची हवा सुधारायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला हसूच आलं. समुद्राकाठच्या गावाच्या हवेला काय धाड भरलीय? पण वरून आराखडा आला होता आणि त्यातलं एक पान आमच्या ऑफिससाठी होतं. कर्मचाऱ्यांनी एकेकट्याने गाड्या आणू नयेत, धूर कमी करावा, दर महिन्याला अहवाल पाठवावा. साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर टाकली. मी रोज लांज्याहून एकटी गाडी घेऊन येते हे त्यांना ठाऊक होतं. बहुतेक म्हणूनच टाकली.

मला काम दिलं की मी आधी माणसांना वेठीला धरते, हा माझा स्वभाव. चार माणसं एका गाडीतून आली तर त्या गाडीला हिरवा स्टिकर आणि फणसाखालची सावलीची जागा, हा नियम मीच काढला. धूर सोडणारी दुचाकी आवारात घ्यायची नाही, हाही माझाच. पहिल्याच सकाळी मी गेटवर एक जुनी स्कूटर अडवली. ती आमच्या डेटा एंट्री ऑपरेटरची होती. लांज्याजवळच्या एका वाडीतून यायची, अकरा महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर होती. नवरा आधी बोटीवर कामाला होता, कमरेत मार बसल्यापासून घरी पडून. घरात पगार आणणारी ती एकटी, हे सगळं मला माहीत होतं. तिने पीयूसीचा कागद दाखवला. मी तो पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि सगळ्यांसमोर सायलेन्सरला माझा पांढरा रुमाल लावला. रुमाल काळा झाला, लोक हसले, मला बरं वाटलं.

मग उपकार केल्यासारखं तिला माझ्या गाडीत घेतलं. लेखा शाखेतल्या दोघी लांज्यालाच चढायच्या, ही चौथी. पहिल्या दिवशी ती ओल्या काजूगरांची पिशवी घेऊन आली आणि आम्ही तिघींनी ते तिच्यादेखत वाटून घेतले. तिला एसीत मळमळायचं. ती काच खाली करायची आणि हातखंब्याला रस्त्याच्या कामाची तांबडी धूळ आत यायची. वाडीतून हमरस्त्याला चालत यायला तिला कधी पाच मिनिटं उशीर व्हायचा. लेखातल्या दोघी आरशातून माझ्याकडे बघून तोंडं वाकडी करायच्या. आठवडाभराने मी तिला फोन केला. आमची निघायची वेळ बदलतेय, तू आपली एसटी बघ, असं सांगितलं. वेळबीळ काही बदललेली नव्हती. ती "बरं ताई" म्हणाली.

नाव मात्र मी काढलं नाही. चौथं नाव गेलं असतं तर स्टिकर गेला असता, आणि संध्याकाळी तापलेल्या गाडीत बसायची मला हौस नव्हती. गेटवरच्या वहीत मी रोज पावणेदहाच्या पुढे चार नावं लिहायचे. पहारेकरी आत डोकावायचा नाही.

तिची एसटी कधी वेळेवर असायची, बहुतेकदा नसायची. अंगठ्याच्या मशीनवर तिचे उशीर साठत गेले. ऑर्डर संपत आली होती, आणि पुढची द्यायची की नाही हे साहेबांनी ठरवायचं होतं. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी अहवालावर सही घ्यायला तिथेच उभी होते. ती म्हणाली, एसटी उशिरा येते. साहेबांनी गेटवरची वही मागवली, चार पानं उलटली आणि शांतपणे म्हणाले की इथे तर तुम्ही रोज पावणेदहाला पोचलेल्या आहात. तिला त्या वहीची कल्पनाच नव्हती. साहेबांनी मला विचारलं, या तुमच्या गाडीत असतात ना?

वहीत नाव चुकून तसंच राहिलं, एवढंच मला म्हणायला हवं होतं. दोन शिव्या बसल्या असत्या, सावली गेली असती, बाकी काही नाही. हे मला तिथे उभ्या उभ्या लख्ख कळत होतं. तरी मी म्हणाले, "हो, रोज असते. गेटवर उतरते, मग कुठे जाते ते मला नाही माहीत."

हे दुसरं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. पहिलं पक्कं बसावं म्हणून मी ते घातलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, सांगा ना हो. मी यष्टीनेच येते ना?" मी फाइलची पानं चाळत राहिले. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तिचाच राग आला.

तिला पुढची ऑर्डर मिळाली नाही. ते दुसरं वाक्य केबिनमधून लेखा शाखेत कसं गेलं आणि तिथून लांज्याला कसं पोचलं, हे मी सांगायला नको. जेवणाच्या सुट्टीत मीच ते त्या दोघींना चवीने सांगितलं होतं.

शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. भांडेल असं वाटलं म्हणून मी आधीच कपाळाला आठ्या घालून बसले. ती भांडली नाही.

"नोकरीचं जाऊ दे ताई," ती म्हणाली. "पण सकाळची मी कुठे जाते म्हणून घरी विचारतायत. नवरा बोलत नाही माझ्याशी. एकदा फोन करून त्यांना सांगा, मी यष्टीत असते म्हणून. तुमचं ऐकतील ते."

मी नंबर लिहून घेतला आणि आजच करते म्हणाले. ती दोनदा थँक्यू म्हणून गेली. फोन केला असता तर मग ती रोज गाडीत असते असं साहेबांना का सांगितलं, हे त्याने विचारलं असतं. मी केला नाही. त्या जागी नवीन ऑपरेटर आली तिचं नाव पहिल्याच सकाळी वहीत चौथं घातलं, आणि तीही एसटीनेच येते.