संशयसर

आमचे सर कलिंगड घेताना आधी स्वतः वाजवून बघत, मग विकणाऱ्याला वाजवायला लावत, आणि शेवटी रस्त्याने चाललेल्या तिसऱ्याच माणसाला थांबवून त्याचं मत घेत. एवढं करून कलिंगड पांढरं निघालं तर म्हणत, "दोघं मिळालेले होते." शाळेचं घड्याळ, दूधवाला, हेडमास्तरांचा खोकला, सगळ्यांवर त्यांचा सारखाच अविश्वास. घराचं कुलूप तीनदा ओढून बघितल्याशिवाय ते पायरी उतरत नसत. उदगीरच्या आमच्या शाळेत त्यांना संशयसर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा असा संशय आहे की आवडतही होतं.

पोटात दुखतंय म्हणून सुट्टी मागितली की सर विचारायचे, "पुरावा?" आता पोटदुखीचा पुरावा आणायचा कुठून? पण ते इतक्या गंभीरपणे विचारत की हसू फुटायचं आणि दुखणं पळून जायचं. मग गुपचूप जागेवर जाऊन बसावं लागे.

शनिवारी मात्र या माणसावरून जीव ओवाळून टाकावासा वाटे. सकाळच्या शाळेचा शेवटचा तास, पाचवी ते सातवी एका खोलीत कोंबलेली, आणि सर स्वतः रचलेली गुंडप्पाची गोष्ट सांगायचे. गुंडप्पा म्हणजे सायकलवरून टपाल वाटता वाटता चोऱ्या शोधणारा पोस्टमन. त्याची एक रीत होती. ज्याच्यावर संशय, त्याच्या घरी आधी जाऊन बसायचं, चहा प्यायचा, त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि मगच तोंड उघडायचं. शेवट आला की सर थांबत. आम्ही चिठ्ठीवर चोराचं नाव आणि पुरावा लिहून द्यायचा. उलगडा सोमवारी, आणि बरोबर चिठ्ठीवर सरांची लाल खूण. मधला रविवार कसा काढायचो ते आमचं आम्हाला माहीत.

रेणूची चिठ्ठी कधी चुकायची नाही. रेणू माझी धाकटी बहीण, दोन वर्षांनी लहान. तेव्हा घरीदारी तिला मुलगा समजत आणि नावही वेगळं होतं. पण मी इथं तिला रेणूच म्हणणार, कोणाला खटकलं तर खटकू दे. सर तिची चिठ्ठी मुद्दाम शेवटी वाचत आणि म्हणत, "हे लेकरू माझ्याही पुढं जाणार हाय." घरी येईपर्यंत तिचे पाय जमिनीला लागत नसत.

एकदाच तिने कोरी चिठ्ठी दिली. गोष्ट होती हिरव्या लुगड्यातल्या बाईची. सोमवारी सरांनी उलगडा केला की ती बाई नव्हतीच, लुगडं नेसून गावाला फसवणारा लबाड पुरुष होता. सरांनी खांद्यावरचा पंचा पदरासारखा घेतला, जाडा आवाज काढला, मुरडून दाखवलं. वर्ग लोटपोट हसला. मीही पोट धरून हसले. रेणू कुठे बघत होती, ते मला आठवत नाही. मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

विसाव्या वर्षी ती घर सोडून नांदेडला गेली आणि तिथं रेणू म्हणून राहू लागली. आता तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आधार कार्डावरचं नाव बदलताना तिने किती खेटे घातले ते मी पाहिलंय. प्रत्येक खिडकीवर सरांचाच शब्द, पुरावा.

सर ऐंशीचे होणार म्हणून आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ठरवलं की गुंडप्पाच्या एकोणीस गोष्टींचं पुस्तक काढायचं. टाइप करायचं काम रेणूने आपण होऊन मागून घेतलं. मुद्रितं तपासायचं माझ्याकडे, कारण मी लातूरला मराठीच शिकवते. त्याच आठवड्यात कोणीतरी सरांचा एका साप्ताहिकातला ताजा लेख ग्रुपवर टाकला. लुगडं नेसून कोणी बाई होत नसतं, हे सोंग आहे, लेकरांना यांच्यापासून सांभाळा. खाली भराभर अंगठे. दुसऱ्याच कोणी सरांच्या नावावर खपवलं असेल, म्हणून मी तीनदा वाचला. पण वाक्यं त्यांचीच होती, गुंडप्पाच्या तोंडी असतात तशी, छोटी आणि नेमकी. त्या दिवसापासून काना-मात्रा राहिली बाजूला, मी सरांच्या प्रत्येक ओळीत चोर शोधायला लागले.

मुद्रितं घेऊन उदगीरला गेले. सर थकले होते, तरी मी लावलेली कडी त्यांनी उठून ओढून पाहिलीच. मला भरून आलं. मग सांगून टाकलं, की हे सगळं टाइप करणारी रेणू म्हणजे तुमचं ते कधी न चुकणारं लेकरू. एकदा तिला भेटा, तिच्या हातचा चहा घ्या, दुसरं काही मागत नाही. सरांनी चष्मा पुसला, उजेडात धरून पाहिला आणि परत पुसला.

"त्यो बाई झाला म्हणतीस. पुरावा काय?"

"मी आहे ना, सर. बहीण आहे मी तिची."

"घरच्या साक्षीदाराचं ऐकत नसतेत," सर म्हणाले, वर्गात म्हणायचे अगदी तसंच. आणि पुस्तकात नाव टाकायचंच असेल तर हजेरीपटावर होतं ते टाक, असंही म्हणाले.

सुनेने आणलेला चहा तसाच ठेवून मी उठले. सर फाटकापर्यंत काठी टेकत आले आणि म्हणाले, "पोचली की फोन कर. त्या बसवाल्यांचा काई भरवसा न्हाई." मी फोन केला नाही. महिन्याभरात सर गेले. तो न केलेला फोन अजून मला टोचतो, आणि टोचतो याचा रागही येतो.

हिरव्या लुगड्याची गोष्ट पुस्तकातून काढून टाकू, असं मी रेणूला म्हटलं.

"काढू नको, अक्का," ती म्हणाली. "काढलीस तर सर होते त्याहून चांगले दिसतील. आणि बाकीच्या अठरा मला पाठ हायेत. त्या मी कोणाला परत देणार न्हाई."

पुस्तक निघालं. आत अक्षरजुळणीच्या ओळीत रेणूचं नाव आहे, तिचं स्वतःचं. सर हयात असते तर मी ते छापलं असतं का? इथं मला माझाच संशय येतो.

सरांच्या चिठ्ठ्यांची आठवण म्हणून प्रत्येक गोष्टीत उलगड्याच्या आधी अर्धं पान कोरं सोडलंय, मुलांनी संशय आणि पुरावा लिहायला. माझी प्रत रेणूने दुकानातच हातात ठेवली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. चाळता चाळता हिरव्या लुगड्यापाशी आले, तर ते अर्धं पान पेन्सिलीने भरलेलं होतं.

संशय: सरांवर.
पुरावा: अठरा गोष्टींत गुंडप्पा संशयिताच्या घरी चहा पितो. हिच्या घरी तो गेलाच नाही.

चार वेळा तपासली होती मी ती मुद्रितं. मला दिसलं नव्हतं. तपासायचं लाल पेन अजून पर्समध्येच होतं. ते काढलं आणि तिच्या अक्षराखाली बरोबरची खूण केली.