कोपराएवढं गरम

उद्या जगातले सगळे तराजू, टेप आणि घड्याळं चोरीला गेली तरी ज्याचं काहीही अडणार नाही असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो म्हणजे माझे साडू. वऱ्हाडात आम्ही एकमेकांना साडभाऊ म्हणतो. माझी बायको धाकटी आणि त्यांची थोरली, एवढंच आमचं नातं. बाकी कशातच आम्ही एकमेकांसारखे नाही. मी अमरावतीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे, माझ्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर असतो आणि दशांशचिन्हाच्या पुढचा आकडा लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. ते अकोल्याला बाळापूर रोडवर राहतात, मागे त्यांची लिंबाची बाग आहे, आणि दुसऱ्याने ठरवलेलं एकही माप त्यांनी आजवर मानलेलं नाही. अमरावती ते अकोला किती अंतर, असं विचारलं तर ते म्हणतील, "मूर्तिजापूरले चहा घेतला का अर्धं झालं." लिंबाचं पोतं ते गुडघ्याने उचलून पाहतात. आणि गरम-थंड हे सगळं त्यांच्या उजव्या कोपराचं खातं. लेकराच्या आंघोळीचं पाणी आया कोपर बुडवून पाहतात, तसं हे साठीचे गृहस्थ चहाची बशी, स्कूटरचं इंजिन, नातवाचं कपाळ आणि रोपं लावायच्या आधीची माती, सगळ्याला कोपर लावतात. एकदा मी त्यांच्यापुढे गरम पाण्याची तीन घमेली ठेवली. त्यांनी तिन्हींत कोपर घातलं आणि सांगितलं, "हे लेकराच्या आंघोळीचं, हे दाढीचं, आन् हे कोंबडी सोलायचं." थर्मामीटर लावला तर अडतीस, पंचेचाळीस आणि पासष्ट.

अशा माणसाने घरी पोहण्याचा तलाव बांधला तेव्हा गल्लीने बरीच करमणूक करून घेतली. कोणी विचारलं मासे कधी सोडता, कोणी विचारलं म्हशी आणू का. त्यात साडभाऊंना स्वतःला पोहता येत नाही, गुडघ्यावर पाणी आलं की ते देवाचं नाव घेतात. पण कारण वेगळं होतं. ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात-पाय गेला तो हळूहळू परत येत होता. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, छातीएवढ्या कोमट पाण्यात रोज अर्धा तास चालवा, मात्र खंड पडू देऊ नका. गावातल्या तलावावर चारचौघांसमोर पाय ओढत जायला ताई तयार नव्हत्या. साडभाऊंनी दुसऱ्या दिवशी अंगणातली रोपांची शेड पाडली आणि गवंड्याला माप दिलं, "बाईच्या छातीइतकं खोल, आन् वळता वळता तिले गरगरणार नाई इतकं लांब." गवंडीही तिथलाच, त्याला कळलं. नंतर मी टेप लावली तेव्हा साडेसात मीटर लांब, साडेतीन रुंद आणि पाणी एक मीटर वीस भरलं.

ताई पहाटे सहाला पाण्यात उतरायच्या, कारण त्या वेळी फाटकावर कोणी नसतं. काठाकाठाने साडभाऊ चालायचे, हातात लिंबं उतरवायची लांब आकडी. ताई घसरल्या तर ती धरायला पुढे करायची, असा बेत. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, ताईंच्या फेऱ्या चारवरून चौदावर आल्या आणि उजव्या हातात कप धरता येऊ लागला. मग दिवाळी झाली.

"साडभाऊ," फोनवर आवाज आला, "पानी थंडं झालं. चार दिवस झाले, बाई उतरून नाई रायली. आज हातातून कप पडला."

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी शनिवारी सकाळच्या गाडीने गेलो.

तोवर त्यांनी दोन उद्योग करून ठेवले होते. पहिला म्हणजे लग्नाच्या स्वयंपाकाचे दोन मोठे गंज मागच्या अंगणात चुलीवर चढवून, दोनशे लिटर उकळतं पाणी तलावात ओतलं होतं. मी हिशेब करून सांगितलं, की यानं पाणी जेमतेम अर्धा डिग्री तापतं. ते म्हणाले, "कोपरानं थेच सांगतलं. उगीच लाकडं जायली." दुसरा उद्योग जास्त महाग पडणारा होता. हीटर विकणाऱ्याला त्यांनी फोन केला, त्यानं विचारलं तलाव केवढा, आणि यांनी सांगितलं, "आठ घंट्याचा."

बागाईतदार माणूस हौद असाच मोजतो. मोटर किती घंटे चालली म्हणजे भरला, तेवढ्या घंट्याचा हौद. शेजारच्या शेतकऱ्याला हे बरोबर कळतं, कारण त्याची विहीर तेवढीच खोल आणि त्याची लाईटही तेवढीच मरतुकडी. विक्रेता मात्र शहरातला. त्याने मोटरचा हॉर्सपॉवर विचारला, कागदावर पाहिलं, तासाला दहा हजार लिटर, आठ तास, म्हणजे ऐंशी हजार लिटर. त्याप्रमाणे त्याने सुचवलेलं यंत्र एखाद्या कपाटाएवढं होतं आणि त्याला थ्री फेजची नवी जोडणी लागणार होती.

"अर्ज केला का?" मी विचारलं.

"केला ना. थे म्हणतात, नंबर लागीन तवा लागीन. होळीपर्यंत होऊन जाईन म्हणे."

"होळीले पाणी तापवून काय करता? तवा तर ते आपलं आपणच तापते."

"म्हणून तं तुमाले बलावलं."

मी टेप काढली, गुणाकार केला आणि सांगितलं, "साडेएकतीस हजार लिटर."

"काहून? मोटर तं आठ घंटे चालली!"

"चालली, पण तुमची मोटर कागदावर दहा हजार देते आणि विहिरीतून चार हजारही देत नाही."

ते मोटरकडे असे पाहू लागले, जणू एखाद्या जुन्या गड्यानं इतकी वर्षं फसवलं असावं.

मग दोन दिवस मी वहीत आकडे मांडले. माझ्या अंदाजाने ऐन थंडीत पाणी एकोणीस डिग्रीवर उतरणार होतं, ताईंना हवं एकतीस. बारा डिग्री चढवायला साडेचारशेच्या आसपास युनिट उष्णता लागते. तेवढी विजेच्या कॉइलने द्यायची तर तेवढीच वीज जाळावी लागते आणि घराची वायरिंग ते सहन करणार नाही. सोलरची नळ्यांची चटई जवळपास तलावाएवढीच पसरावी लागते, आणि गच्चीवर कडुनिंबाची सावली. कडुनिंब छाटायचा विषय काढताच साडभाऊ उठून गाईला पाणी पाजायला गेले. उरला हीट पंप. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून पाण्यात सोडतो. एसी खोलीतली बाहेर टाकतो, त्याच्या उलटं. तासाला अडीच युनिट वीज खातो आणि बारा युनिट उष्णता देतो. मुख्य म्हणजे तो घरच्या साध्या जोडणीवर चालतो.

"पन बारा पुरते का?" साडभाऊंचा प्रश्न बरोबर होता.

"पहिल्या वेळी दीड दिवस सलग चालवायचा. मग रोज फक्त रात्री जाते तेवढी उष्णता भरून काढायची. पाण्यावर फुग्याफुग्यांचं प्लास्टिकचं झाकण घातलं तर दिवसाकाठी दोन डिग्री जातील. सहा तास पुरे. तेही पहाटे नाही, दुपारी बारा ते सहा, हवा गरम असते तेव्हा. संध्याकाळी तेहतीस, सकाळी एकतीस."

"झाकन म्हंजे गोधडीच म्हना ना."

"गोधडीच."

"मंग असं सांगा. इतके आकडे काहून लिहून रायले?"

आठवड्यात यंत्र बसलं. मी एक वही आखून दिली: तारीख, वेळ, तापमान. तलावात तरंगता थर्मामीटर सोडला. ताईंना बजावून सांगितलं, "एकतीस असेल तरच उतरायचं." ही माझी चूक होती, पण ती तेव्हा लक्षात आली नाही. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं अठ्ठावीसच्या खाली नको, इतकंच होतं. मी आपला नेमका आकडा दिला, आणि झटक्यानंतर ताईंना नेमक्या गोष्टी घट्ट धरून ठेवायची सवय लागली होती.

जानेवारीत पुन्हा गेलो तेव्हा आधी वही पाहिली. तारखा होत्या, वेळ म्हणून सगळीकडे "कोंबडा" होता आणि तापमानाच्या रकान्यात रोज एकच शब्द: "बराबर."

"डिग्री कुठे आहे?"

"तुमी बनवलेलं यंत्र थोडी खोटं बोलन? मी कोपर लावून पायतो. बराबर असलं तं बराबर."

यंत्र मी बनवलेलं नव्हतं, पण ते असो. त्या दिवशी नेमकी दुपारी लाईट गेली आणि सकाळपर्यंत आली नाही. सहा तासांचा हिशेब कोरडा गेला. पहाटे आम्ही झाकण गुंडाळलं, मी थर्मामीटर उचलला. एकोणतीस. ताई पायरीवर उभ्या होत्या, ओढणी कंबरेला बांधलेली, डावा हात कठड्यावर. थांबल्या.

"आवो, गरम आहे का?"

साडभाऊंनी कोपर बुडवलं. ते कोपर आयुष्यात चुकलेलं नव्हतं. ते म्हणाले, "मस्त आहे." ताईंचा विश्वास बसला नाही. मग या माणसाने आकडी खाली ठेवली, धोतर खोचलं आणि तो देवाचं नाव घेत एकेक पायरी उतरून छातीएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, डोळे मिटलेले, ओठ थरथरत होते, आणि ते काही एकोणतीस डिग्रीमुळे नव्हतं. "अवं ये ना," ते म्हणाले, "चहा हाय चहा."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "जवाईबापू, तुमी सांगा. तुमी खोटं नाई बोलत. किती आहे?"

थर्मामीटर माझ्या हातात होता. काच नीट पुसलेली, पारा स्पष्ट.

"एकतीस," मी म्हणालो.

ताई उतरल्या. पहिलं पाऊल टाकताच त्यांनी मला आणि मग नवऱ्याला नजरेनं तोललं. "दोघंबी एका माळेचे खोटारडे," त्या म्हणाल्या, आणि चालू लागल्या. साडभाऊ कठडा धरून त्यांच्या शेजारून सरकत राहिले, पाण्यातून, पहिल्यांदाच. चौदा फेऱ्या झाल्या. पंधरावी ताईंनी आपण होऊन घेतली. त्यानंतर घरात जाऊन त्यांनी उजव्या हाताने चहाचा कप उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत धरून ठेवला.

मी वही उघडली होती. एकतीस लिहवेना, आणि एकोणतीसही लिहवेना. पेनाचं टोपण मी उघडत होतो आणि लावत होतो. ओल्या धोतराने साडभाऊ आले, माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या आखलेल्या रकान्यात लिहिलं, "बराबर."