अजिनाथकाकांनी न दिलेली किल्ली

अजिनाथकाका किती कमी बोलायचे? विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन गेलं की ते ती उलटीपालटी करून बघायचे आणि नुसतं "सोमवारी" म्हणायचे. काय बिघडलंय, खर्च किती, हे आपणच विचारायचं. सोमवारी मोटार तयार असायची. काष्टीच्या आसपास उसाला पाणी पाजणाऱ्या कितीतरी विहिरींवर त्यांनी नवी तार गुंडाळून भरलेल्या मोटारी अजून चालतात, आमच्याही. त्यांच्या वाटचं बोलणं पुष्पाकाकू करायच्या. शेजारणी चिडवायच्या, "काकू, मालक मुकं हायेत का तुमचं?" त्यावर काकू म्हणायच्या, "मुकं न्हाईत. मला बोलू देत्यात, तेवढं लई झालं."

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मोटारींचं काम, मागच्या खोलीत संसार. मागच्या खोलीत पलंगाखाली काकूंची पत्र्याची पेटी होती. लग्नात माहेराहून आलेली, कायम कुलूप लावलेली. काकांनी तिला कधी हात लावला नाही. असं काही दोघांत ठरलं होतं असंही नाही. पण बाईमाणसाचं स्वतःचं म्हणून घरात काहीतरी असावं, एवढं त्यांना न सांगता कळत होतं, आणि हे भल्याभल्यांना कळत नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या भागात केबलचोरीचा सुळसुळाट झाला. विहिरीवरची केबल कापायची, जाळून आतलं तांबं काढायचं आणि विकायचं. शेतकरी वैतागले, पोलिसांवर दबाव आला, आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की तांबं अजिनाथच्या घरी असतं. मोटार भरणाऱ्याच्या घरी तांब्याची तार नाही तर काय शेवया वाळत घातलेल्या असणार? पण हे बोलायचं कुणी!

शनिवार होता, बाजाराचा दिवस. गल्लीत ही वर्दळ. जीप येऊन दारात थांबली. एक साहेब आणि दोन शिपाई सरळ घरात शिरले. हातात कागद नाही, सोबत महिला पोलीस नाही, गल्लीतल्या कुणाला पंच म्हणून बोलावलं नाही.

त्या दिवशी मी तिथे नव्हते, पण श्रीगोंद्याच्या कोर्टात वकिली करते, म्हणून सांगते. वॉरंट नसलं तरी पोलिसांना घराची झडती घेता येते, कायद्यात तशी सोय आहे. पण ती फुकट नाही. वॉरंट आणायला थांबलो तर ऐवज हातचा जाईल असं वाटण्याचं कारण आधी लिहून काढावं लागतं. पंच लागतात. आता तर सगळ्या झडतीचं मोबाईलवर चित्रणही करावं लागतं, कागद मॅजिस्ट्रेटकडे पाठवावे लागतात, आणि घरमालकाने मागितली तर त्यांची प्रत द्यावी लागते. त्या दिवशी यातली एकच गोष्ट झाली. बिभीषण नावाचा तरुण शिपाई मोबाईल धरून चित्रण करत होता.

पुढच्या खोलीत काही निघालं नाही. भरायच्या तारेची बंडलं होती, त्यांची बिलं काकांनी न बोलता पुढे केली. मग साहेब मागे गेले. पलंगाखालची पेटी शिपायाने ओढून बाहेर काढली.

"किल्ली आण," साहेब म्हणाले.

काकू मोरीत भांडी घासत होत्या. ओल्या हातांनी दारापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या, कारण काका पेटीच्या आडवे उभे होते. आणि काका बोलत होते.

"किल्ली कुठं हाय ते मला म्हाईत हाय, साहेब. पर पेटी तिची हाय. मी कधी उघडली न्हाई. तुमाला बी देनार न्हाई."

काकूंना वाटायचं, देव्हाऱ्यामागच्या पितळी डबीतली किल्ली फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. मधूनमधून त्या जागाही बदलायच्या. तीस वर्षं या माणसाला प्रत्येक जागा माहीत होती, आणि तीस वर्षं त्याने ती किल्ली उचलली नव्हती. हे त्यांना कळलं ते असं, पोलिसांच्या समोर.

साहेब हसले. काकांच्याच कामाच्या टेबलावरची हातोडी आणून कुलूप फोडलं, पेटी फरशीवर पालथी केली. दारात माणसं जमली होती. पेटीतून काय निघालं ते गल्लीने पाहिलं, मी ते इथे परत मांडणार नाही. चोरीचं काही नव्हतं. काका तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जीप गेली, तरी काकूंनी सगळं आवरून झाकण लावल्याचा आवाज येईपर्यंत ते वळले नाहीत.

नंतर गुन्हा नाही, नोटीस नाही, काही नाही. पण दारात जीप आली होती, गावाला तेवढं पुरलं. मोटारी यायच्या कमी झाल्या. ज्यांनी त्यांच्या हातचं काम वर्षानुवर्षं वापरलं तेही दुसरीकडे जाऊ लागले, आणि मला त्या लोकांचा आजही संताप येतो. काका रिकाम्या टेबलापाशी बसून राहायचे. चैत्रात एका दुपारी बसल्याजागी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

चौदावा झाल्यावर काकू माझ्याकडे आल्या. मला वाटलं, तक्रार करायची असेल. मी तर कधीची तयार होते.

"तक्रारीचं तुमी बघा, ताई," त्या म्हणाल्या. "मला त्येंचं ते बोलनं ऐकायचं हाय. त्या पोराच्या मोबाईलमदी हाय ते."

जामखेडला दिलेल्या लेकीच्या, रोहिणीच्या फोनमध्ये त्यांनी आधी शोधून पाहिलं होतं. नातवाच्या बारशाच्या व्हिडिओत काका होते, पण गप्प. सगळ्या आयुष्यात त्यांचा आवाज एकाच ठिकाणी राहिला होता, आणि ते ठिकाण पोलिसांच्या ताब्यात होतं.

मी चित्रणाची प्रत मागितली, वरिष्ठांकडे तक्रारही केली. थोड्या दिवसांनी बिभीषण साध्या कपड्यांत माझ्या घरी आला. काकूही होत्या. पोरगा वाईट नव्हता. खुर्चीच्या टोकावर बसला आणि खिशातून एक टाईप केलेला कागद काढला. 'पोलिसांनी आमच्या संमतीने घर पाहिले, आमची काही तक्रार नाही.' सही केली की क्लिप काकूंच्या फोनवर टाकतो, म्हणाला.

क्लिप खरंच आहे हे दाखवायला त्याने ती सुरू केली. भांड्यांचा आवाज आला, साहेबांचं काहीतरी दरडावणं आलं, आणि मग खोकला. काकांचा, बोलण्याआधी घसा साफ करतात तसा. बिभीषणने तिथेच थांबवली. काकूंनी पदर तोंडाशी धरला.

मी वकील असून म्हणाले, "काकू, सही करून टाका. तक्रारीचं काय होईल ते मला सांगता यायचं नाही. हे तर आत्ता मिळतंय."

"काय लिवलंय त्यात? आमी 'या' म्हनलो, आसं?"

"व्हय."

काकूंनी कागद उचलून बिभीषणच्या हातात परत दिला.

"त्येंनी न्हाई म्हनलं हुतं, बाबा. जल्मात एकदा कुनाला तरी न्हाई म्हनले, ते बी माज्यासाठी. मी व्हय कसं लिवू?"

बिभीषण खाली मान घालून गेला. महिन्याभराने पोलीस ठाण्याचं लेखी उत्तर आलं. सदर पत्त्यावर कोणतीही झडती घेण्यात आलेली नाही, सबब चित्रण उपलब्ध नाही. मी अपील केलं आहे, भांडते आहे, तारखा पडताहेत. पण बिभीषणची बदली झाली आणि त्याने फोनही बदलला असं ऐकते. ती क्लिप आता कुठेच नसावी, असं मला मनातून वाटतं.

ते उत्तर मी काकूंच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. पेटी पलंगाखाली होती. तिला नवं कुलूप होतं, आणि किल्ली काकूंनी त्याच पितळी डबीत ठेवली होती. झडतीच झाली नाही, तर मग कुलूप कुणी फोडलं, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या.

"ताई, त्या दिवशी तुमी बी ऐकला हुता ना, त्यो खोकला?"

"ऐकला, काकू."

"त्येंचाच हुता न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले. "त्यांचाच होता."