नारळांनी उघडलेला क्लब

आमच्या संस्थानाने जुगाराला परवाना दिला तेव्हा मी बेकार होतो. भाताचे भाव पडले आणि ज्या गिरणीत मी हिशेब लिहीत होतो ती बंद झाली. मुंबईत एका वखारीत कारकुनाची जागा मेहुण्याने माझ्यासाठी धरून ठेवली होती. पावसाळा सरत येऊन बोटी सुरू झाल्या की मी एकट्याने जायचे आणि पत्नीने दोन मुली आणि माझी अंथरुणाला खिळलेली आई यांना घेऊन इथेच राहायचे, असे ठरले होते. ठरले होते म्हणजे दुसरे काही सुचत नव्हते.

अशात मुंबईच्या एका शेठनी भर बाजारपेठेतले एक रिकामे कोठार भाड्याने घेतले. इंग्रजी हद्दीत ज्या गोष्टीसाठी पोलीस धरत, ती इथे दरबारच्या मोहोरेने उघड चालणार होती. भिंतींना नवा चुना, तुळयांना गॅसबत्त्या, पत्त्यांसाठी हिरवे कापड ठोकलेली टेबले आणि दारावर ‘क्लब’ अशी पाटी. प्रत्येक डावात जिंकणाऱ्याकडून घराचा वाटा, म्हणजे नाल, घ्यायचा आणि त्यावर सगळा धंदा. गल्ल्यावर बसायला शेठना गावातला, लोकांचा विश्वास असलेला माणूस हवा होता. ते माझ्याकडे आले. पगार गिरणीपेक्षा बरा होता.

मी घरी सांगितले तेव्हा पत्नी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिने सगळे ऐकून घेतले.

“तुम्ही मुंबईला जा,” ती म्हणाली. “मी इथलं बघेन. पण लोकांनी हरलेल्या पैशांचा पगार या घरात यायचा नाही.”

मी म्हटले, आता ते कायद्याने मान्य आहे. ती म्हणाली, कायदा दरबारचा, चूल माझी. शेवटी एवढेच ठरले की उद्घाटनाच्या दिवशी मी बसून पाहावे आणि मग शेठना हो की नाही ते सांगावे.

उद्घाटनाला शेठनी नारळी पौर्णिमा निवडली. त्या दिवशी आमच्या किनाऱ्यावर नारळ लढवतात. एकाने सोललेला नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटायचा. ज्याचा फुटेल त्याने तो दुसऱ्याला द्यायचा. मुंबईत या खेळावर रोख पैजा लागतात, हे शेठनी पाहिलेले होते. म्हणून यंदा नारळ क्लबात लढतील अशी दवंडी त्यांनी पिटवली. लोकांना मात्र त्यातून वेगळेच कळले. दरवर्षी वाळूत, पावसात भिजत खेळायचे, ते यंदा छपराखाली खेळायला मिळणार, दरबारनेच सोय केली.

समुद्राला नारळ वाहून झाल्यावर सगळा कोळीवाडा क्लबात आला. मागोमाग बाजारातले आले, मुरुडहून पाहुणे आलेले होते तेही आले. ज्याच्या त्याच्या काखेत आपापला नारळ. कोणी तो कानाशी वाजवून बघे, कोणी शेजाऱ्याच्या नारळाची टिंगल करी. एकाने तर विचारले की हा नारळ आहे की तुझ्या सासऱ्याचं डोकं. हिरव्या टेबलांवर पाणी सांडले. शेठ दारात उभे राहून खूश होते.

पहिला डाव जिंकलेल्या म्हाताऱ्या कोळ्याकडे मी नाल मागितला. त्याने फुटलेल्या नारळाची दोन भकले केली आणि एक माझ्यासमोर ठेवले.

मी म्हटले, “बाबा, पैशात द्यायचा.”

“पैसं कशाला?” तो म्हणाला. “सनाच्या दिशी नारलाला नारल. घराचा वाटा तुला दिला ना? मग मोजून घे.”

त्याचे पाहून सगळ्यांनी तेच केले. एकानेही वाटा चुकवला नाही. संध्याकाळी शेठ गल्ल्याशी आले तेव्हा माझ्यामागे छातीइतका भकलांचा ढीग होता आणि पेटी रिकामी होती.

“मुनीमजी, रोकड क्यां?”

मी ढिगाकडे बोट दाखवले. शेठनी एक भकल उचलून नखाने खरवडून पाहिले आणि विचारले की हे टिकते किती. मी सांगितले, उद्यापर्यंत. परवा बुरशी धरेल. सुकवले तर मात्र खोबरे होईल, आणि खोबऱ्याला तेली रोख मोजतात. पावसाळ्यात सुकवायचे तर बांबूचा माच आणि खाली सोडणांची, म्हणजे नारळाच्या सालींची, मंद धग लागते. आमच्या पडवीत तेवढी जागा होती.

भकलांनी भरलेल्या दोन बैलगाड्या आमच्या दाराशी थांबल्या तशी पत्नी बाहेर आली. तिने पहिल्यांदा विचारले, यात कोणाचा पैसा आहे का. मी म्हटले, एक पैसुद्धा नाही.

“मग उतरवा,” ती म्हणाली. “आणि शेजारच्या दोघींना हाक मारा, आजच पसरायला हवं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ पडवीत आले. भकले कडेने आकसू लागली होती आणि करवंटीपासून सुटत होती. धुराने डोळे चोळत ते माचाभोवती फिरले. कोळीवाड्यातून नेहमी नारळ घेतले तर काय पडतील, मुंबईत भाव काय, हे त्यांनी मला विचारले आणि मी जमिनीवर कोळशाने आकडे मांडून दाखवले. शेठना पटले. पत्ते चालोत न चालोत, खोबऱ्याचे काम वेगळे चालवू, ते तुम्ही बघा, असे म्हणून त्यांनी पगाराचा आकडा सांगितला.

मी काही बोलण्याआधी दारातून पत्नी म्हणाली, “पगार खोबऱ्याच्या गल्ल्यातून. पत्त्यांच्या गल्ल्यातला आणासुद्धा नको.”

“बेन, खोबऱ्यात खोट आली तर?”

“तर त्या महिन्यात यांना पगार नाही.”

मी दचकलो. माझ्या पगाराचा सौदा होत होता आणि मला कोणी विचारत नव्हते. पण मनाशी पडताळून पाहिले तेव्हा तिचे म्हणणे हिशेबाला धरून होते. शेठ हसले आणि एका शब्दावर कबूल झाले.

वखारीतली जागा दुसऱ्या कोणाला तरी द्यावी, असे मी मेहुण्याला कळवले आणि छत्री घेऊन तेल्याकडे भाव विचारायला निघालो.