सहा सिलेंडरच्या गाडीवरचा आठाचा बिल्ला

आमच्या घरातल्या अमेरिकन गाडीला आठ सिलेंडर कधीच नव्हते. एवढं एक वाक्य लिहायला मला बेचाळीस वर्षं लागली.

माझे थोरले भाऊ नाना फैजपूरचे केळीबागायतदार. एका चांगल्या हंगामात त्यांनी मला जुनी गाडी आणायला मुंबईला धाडलं. "बापू, आठ सिलेंडरची, सगळ्यात वरचं मॉडेल! सहाची आनशीन तं घरात घेनार नाही!"

मी चकाकी बघून निळी गाडी घेतली. वाटेत धुळ्याला गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि हसायलाच लागला. "भाऊ, हाई ते सहानी शे! मॉडेलबी बठ्ठास्मा साधं!"

सहाचीच, आणि तीही सगळ्यात साधी! परत फिरायची हिंमत नव्हती. त्याच्याच भंगारातून वरच्या मॉडेलच्या पट्ट्या आणि आठाचा बिल्ला उचलून बसवला. त्यासाठी पत्र्याला सहा भोकं पाडली. (दोन चुकून!)

मुंबईवाल्याने गाडीसोबत तिन्ही मॉडेलांचं माहितीपत्रक दिलं होतं. नाना ते पोथीसारखं वाचत.

"वरच्या मॉडेलात घड्याळ राह्यते. कुठी हाये?"

"दुरुस्तीला दिलंय, नाना."

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्ड कापून मी वहिनींचं गजराचं घड्याळ बसवलं. एका व्याह्यांच्या दहाव्याला पोहोचतो न पोहोचतो तोच ते खणखणलं. नाना मंडळींना म्हणाले, "अमेरिकन हाये!" मग माहितीपत्रकात हात टेकायची मधली गादी निघाली. तिच्यासाठी वहिनींची उशी गेली.

राहिलं इंजिन. "नाना, आठाच्या इंजिनाला आपली धूळ सोसत नाही. बॉनेट मीच उघडणार." नानांनी कधी हात लावला नाही. बोदवडपासून दोंडाईच्यापर्यंत मात्र आठ सिलेंडर ऐकवत हिंडले.

गेल्या वर्षी जळगावला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. शहाऐंशीच्या नानांनी स्वतःच्या सहीनिशी अर्ज केला, 'आठ सिलेंडर'. पहिला नंबर आणतोच, असं गावभर सांगून निघाले. परीक्षक बॉनेटकडे वळला आणि मी नानांना बाजूला ओढलं. चार लोकांसमोर नानांचं हसं होणार!

"नाना, माफ करा. सहाच आहेत. बिल्ला मी लावला."

नानांनी बिल्ल्यावर बोट ठेवलं. मग हळूच विचारलं, "आन् घड्याळ?"

"वहिनींचं."

तेवढ्यात परीक्षक म्हणाला, "आजोबा, आठवाल्या इथे चार उभ्या आहेत. साधी सहावाली एकही नाही, सगळ्या भंगारात गेल्या. पहिला नंबर हिचाच होता हो! पण ही भोकं कोणी पाडली?"

यावल येईपर्यंत नाना माहितीपत्रक उलटसुलट चाळत बसले. मला मात्र कितीतरी वर्षांनी हलकं वाटत होतं. घरी पोहोचलो तर गाव वाट बघत उभं. नाना उतरले, धोतर सावरलं आणि म्हणाले, "आठाच्या काय, ढिगानं हायेत! खरी दुर्मीळ सहाची. म्हनून तं मी बापूले बजावलं व्हतं, आनशीन तं सहाचीच! काय रे बापू?"

आयुष्यात एकदाच धीर करून खरं बोललो होतो, आणि तेही त्याच दिवशी सकाळी. संध्याकाळी अख्ख्या गावासमोर मान डोलावून मी म्हणालो, "हो तर! नाना म्हणाले, म्हणूनच आणली!"