फेब्रुवारीतला पांढरा

जुन्या खिशातल्या घड्याळांच्या तबकड्या दुरुस्त करणारी आमच्या ल लॉक्ल या स्विस गावात दोनच माणसं उरली आहेत: न्यूमा पेरेनू आणि ब्लुएत. मीन्याच्या, म्हणजे काचेसारख्या पांढऱ्या लेपाच्या, तबकडीचा टवका उडाला, की तो असा भरायचा की भिंग लावूनही सापडू नये. न्यूमाला ते जमतं. गप्प बसणं तेवढं जमत नाही.

त्या रविवारी कॅफेत गास्पार बेकरीवाल्याने आजोबांचं घड्याळ दुरुस्तीसाठी त्याच्यापुढे ठेवलं. सातच्या आकड्याजवळचं जुनं ठिगळ निळसर दिसत होतं.

"हे काय, कवळीतला दात बसवलाय का?" न्यूमा म्हणाला. "खिडकीबाहेर बर्फ असताना रंग जुळवलाय. बर्फाच्या उजेडात पांढरा फसवतो, हे दुधवाल्यालाही कळतं. ब्लुएतबाई, तुमचाच हात ना?"

सगळं कॅफे हसलं. ब्लुएतने ठिगळाकडे नीट पाहिलं, सॉसेजचा तुकडा मोहरीत बुडवला आणि खात राहिली.

सोमवारी न्यूमाने तबकडी उतरवून पालथी केली. दुरुस्त करणारा पाठीमागे आपली खूण कोरून ठेवतो. तिथे होतं: एन. पी., फेब्रुवारी, सत्त्याऐंशी.

त्याचे कान तापले. कोरायची सुई हातातच होती. दोनचार ओरखडे, की गाव ब्लुएतलाच हसत राहिलं असतं. त्याने सुई टेकवलीसुद्धा; 'एन'चा एक पाय गेला. मग त्याला स्वतःच्याच हाताची किळस आली.

तबकडी घेऊन तो थेट ब्लुएतच्या दारात उभा राहिला.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "माझी ठिगळं मी ओळखते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका रंगात आला होतास." तिने भिंग लावलं. "हा ओरखडा ताजा दिसतोय."

न्यूमाने कबूल केलं: "आजचाच आहे."

"हं. पांढरा जुळवायला बर्फ वितळल्यावर ये. तोवर गास्पारला काय सांगशील?"

पुढच्या रविवारी न्यूमाने तबकडी टेबलावर पालथी ठेवली आणि गास्पारच्या हाती भिंग दिलं.

"वाच. मोठ्याने. अर्धा 'एन' मीच खरवडलाय, तेही सांग."

भिंग टेबलाटेबलांवरून फिरलं. हसायला कोणी आढेवेढे घेतले नाहीत. ब्लुएतपाशी आलं, तेव्हा तिने न बघताच ते पुढे सरकवलं. न्यूमाला तेच सगळ्यांत जास्त लागलं.

बर्फ वितळेपर्यंत तो कॅफेत भिंतीकडे तोंड करून बसायचा. पालथा, त्या तबकडीसारखाच.